कोऱ्या हातांची बाई

आज सकाळी बाजाराच्या वळणावर एका गाडीवानानं मला ढकललं. मिरच्यांच्या पोत्यांनी शिगोशीग भरलेली बैलगाडी, वळण अरुंद, मी आपला भिंतीला लागून उभा. तरी हा गडी खाली उतरला, दोन्ही हातांनी मला भिंतीवर लोटलं आणि वर रस्ता तुझ्या बापाचा आहे का म्हणून विचारलं. माझी छत्री गटारात पडली. तो गाडी हाकत निघूनही गेला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. आमच्याच शाळेतले एक मास्तर तिथं होते, त्यांनी छत्री उचलून दिली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, की जाऊ द्या हो, त्याच्या जागी उभं राहून पाहा, बिचारा तीन दिवस गाडीवर असेल, झोप नसेल, पोटात अन्न नसेल. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं. धक्क्याचा राग तिथंच वळणावर संपला असता. हा दुसरा राग मात्र माझ्याबरोबर घरी आला, जेवताना पाटावर शेजारी बसला, आणि आता दिवेलागण झाली तरी जायचं नाव घेत नाही.

गावात मिरच्या उतरल्या आहेत. दिवाळी सरली, सकाळचा गारठा पडायला लागला, की नंदुरबारची हवा बदलते आणि ते कुणी सांगावं लागत नाही. आधी घसा खवखवतो, मग डोळ्यांच्या कडा ओल्या होतात, आणि एक दिवस वर्गात पहिल्या बाकावरचं पोरगं शिंकलं की शेवटच्या बाकापर्यंत शिंकांची रांग लागते. पाढे अर्ध्यावर राहतात. भुसावळकडून येणारी गाडी स्टेशनात शिरायच्या आधीच डब्यांच्या खिडक्या धडाधड बंद होतात. परगावचे प्रवासी तोंडाला रुमाल लावून आमच्याकडे असे बघतात, जणू आम्हीच मुद्दाम काहीतरी उधळलं आहे. गावाबाहेरच्या माळांवर मात्र नजर जाईल तिथवर लाल. ओली मिरची पसरली की तो लाल चकाकतो, आठ-दहा दिवसांत काळपट होतो, आणि दुपारच्या उन्हात त्या सगळ्या माळावरून जो वास उठतो तो गोडसर असतो. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. मी पटवायच्या भानगडीतही पडत नाही.

चौथीच्या पुस्तकात एक धडा आहे. कुणी टोचून बोललं, धक्का दिला, तर रागावण्याआधी त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावं, असा त्याचा मथितार्थ. दरवर्षी तो धडा नेमका ह्याच दिवसांत येतो, आणि दरवर्षी मी तो पोरांना घरी वाचायला सांगून पुढचा घेतो. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा का वगळला. मी म्हटलं, घसा बसलाय. खोटं होतं. तो धडा मी आयुष्यात एकदा मनापासून अमलात आणला आहे, आणि तो शेकला एका पाच महिन्यांच्या पोरीच्या डोळ्यावर. त्यानंतर त्या धड्याची चाल माझ्या तोंडाला बसत नाही.

वीस वर्षं झाली असतील. कोरीटला आमची जमीन. त्या साली बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्यांदाच ठरवलं की ओली मिरची व्यापाऱ्याच्या गळ्यात न घालता आपणच वाळवायची. नंदुरबारच्या वेशीबाहेर, रुळांच्या पलीकडे, एक माळ घेतला. मिरची वाळत घालायच्या अशा माळाला आमच्याकडे पथारी म्हणतात. मी नुकताच फायनल पास होऊन नोकरीची वाट बघत घरी बसलो होतो, आणि घरी बसलेला मुलगा बापाला सलतोच. बापूंनी मला पथारीवर नेमलं. बावीस वर्षांचा होतो. पायात नवे जोडे, डोक्यावर काळी टोपी, आणि टोपीखाली इतकं शहाणपण की मावत नव्हतं.

कामाला सातपुड्यातून बाया आल्या. पंचवीस-तीस जणी, सगळ्या एकाच पाड्यावरच्या, दोन दिवस चालत, ब्राह्मणपुरीच्या अंगानं उतरून, तापी नावेतून ओलांडून आलेल्या. त्यांची बोली पावरी, माझी अहिराणी; शाळेत पाठ केलेलं शुद्ध मराठी दोन्हीकडे निरुपयोगी. मध्ये दुवा म्हणून त्यांचाच मुकादम जोमा. तो माझ्या दुप्पट वयाचा, बोलायला मऊ, आणि मला शेठ म्हणायचा. ते मला फार गोड लागायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या बाया उजाडता उजाडता ओळीनं बसत. देठ खुडायचे, मिरची उलटायची, फटकी म्हणजे पांढरी पडलेली निराळी काढायची. गाणं नाही, गप्पा थोड्या, खोकला मात्र सारखा. मिरची खुडून खुडून हातांची आग होई. ही आग धुऊन जात नाही, पाण्यानं तर उलट पसरते. संध्याकाळी त्या हातांना एरंडेल चोळून पालांपुढे बसत, तळवे वर करून, मांडीवर हात ठेवून. मला सगळ्यात खुपायचं ते त्यांचं वागणं. वाटेतून बाजूला करायचं तर कोपरानं करायच्या. टोपली द्यायची तर पायानं माझ्याकडे सरकवायच्या. मी मालकाचा मुलगा, आणि मला टोपली पायानं. मनात म्हणायचो, डोंगरातली माणसं, रीत कोण शिकवणार.

आणि ह्या सगळ्यांत एक बाई अशी होती की जी कामच करायची नाही. ठुमली तिचं नाव. पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदण. माळाच्या कडेला एक कडुनिंब होता. त्याच्या खालच्या फांदीला तीन झोळ्या, झोळ्यांत तान्ही लेकरं, बुंध्याशी पाण्याचा माठ, आणि माठाशेजारी ठुमली. दिवसभर. मिरचीला बोटसुद्धा लावायची नाही. बाकीच्या बाया तहान लागली की तिच्यापुढे येऊन बसत आणि ही उभी राहून त्यांच्या तोंडात वरून पाणी ओती. दुपारी त्या आपल्या भाकरीतला एकेक चतकोर तिच्यापुढे टाकत. मी हे सगळं बघितलं होतं. काही लपलेलं नव्हतं. म्हणून तर अजून चीड येते.

तिसऱ्या दिवशी मला तहान लागली. मालकासारखा पाठीमागे हात बांधून फिरून झालं होतं, दोन-चार ठिकाणची मिरची उचलून, मोडून, वाळली का ते बघून झालं होतं. निंबाखाली गेलो आणि माठातलं पाणी घ्यायला हात घातला, तोच ठुमलीनं ज्वारीच्या धांड्यानं माझ्या मनगटावर सपकन मारलं. लागलं काहीच नाही. पण अख्ख्या ओळीनं बघितलं, आणि दोघी-तिघी तोंड फिरवून हसल्या. मी तसाच तहानलेला परत आलो.

दोन दिवसांनी पुन्हा. सायकी नावाची एक तरुण बाई होती, तिची ती पाच महिन्यांची पोर. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. ठुमली पाणी भरायला गेली होती आणि बुधी झोळीत कुरकुरत होती. का कोण जाणे, मला वाटलं आपण जरा थोपटावं. झोळीत हात घालणार, तेवढ्यात मागून ठुमली आली आणि कमरेवरच्या घागरीसकट तिनं मला खांद्यानं असा धक्का दिला की मी धुळीत बसलो. टोपी घरंगळत मिरच्यांत गेली. ह्या वेळी सगळ्याच हसल्या. जोमासुद्धा मिशीत हसला.

तळपायाची आग मस्तकाला गेली. बाईला आजच्या आज वाटेला लावायची, असं ठरवूनच बसलो. संध्याकाळी बापू कोरीटहून छकडा घेऊन आले तेव्हा मी सगळं सांगितलं, थोडं तिखटमीठ लावूनच. बापूंनी ऐकून घेतलं. ते शांत माणूस. उपरण्यानं मान पुसत एवढंच म्हणाले, "रागे भरू नको. तिनी जागावर उभा राहीसन देख, मंग काय करनं ते कर."

मी बापूंचं ऐकलं. आयुष्यात फार वेळा ऐकलं नाही, पण तेव्हा ऐकलं. बाया पालांकडे गेल्यावर मी निंबाखाली जाऊन खरोखरच ठुमलीच्या जागेवर उभा राहिलो. समोर लाल माळ, डोक्यावर रिकामी फांदी, पायाशी माठ. आणि माझं डोकं चालायला लागलं. ही बाई म्हातारी झालेली. हिला ओळीत बसवत नाहीत. ज्यांच्याबरोबर आयुष्यभर काम केलं त्या आता हिला पाणक्यासारखं राबवतात आणि भाकरीचे चतकोर टाकतात. उपऱ्यासारखं जगणं आलं वाट्याला. मग हिनं चिडू नये तर काय करावं? आणि ती चीड काढणार कुणावर? माझ्यासारख्या नव्या जोड्यांतल्या पोरावरच. एक एक गोष्ट अशी जागेवर बसत गेली, की मला माझंच कौतुक वाटायला लागलं. राग तर पार निवळला. खरं सांगतो, डोळे भरून आले. तिच्या दुःखानं थोडे आणि माझ्या मोठेपणानं जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हसतमुखानं गेलो. जोमाला म्हटलं, ठुमलीला सांग, आजपासून तिनं ओळीत बसायचं, सगळ्यांसारखं, मानानं. झाडाखाली बसून कुणाची भाकरी खायची गरज नाही. जोमानं ते पावरीत सांगितलं असावं. ठुमली उठली नाही. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. मला वाटलं, लाजली. ओळीतून सायकी उठून आली आणि जोमाशी भराभरा काही बोलली. जोमा टोपी काढून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "त्या बाईले तठेच ऱ्हाऊ द्या, शेठ."

"माले समजस, जोमा," मी म्हटलं. "तू नको सांगू."

अगदी प्रेमानं म्हटलं. खांद्यावर हात ठेवून म्हटलं. त्याला वाटलं असेल, ह्याला ठाऊक आहे आणि तरी हवंय. मला वाटलं, हा जुन्या रीतीचा माणूस, ह्याला म्हातारीची कणव काय कळणार. ठुमली जोमाकडे बघत राहिली, जोमा जमिनीकडे. घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर आलेली माणसं, सगळा हंगाम पुढे पडलेला, आणि मालकाचा मुलगा हसत उभा. ती उठली, सायकीच्या शेजारी जाऊन बसली आणि देठ खुडायला लागली. मी स्वतः टोपली उचलून तिच्यापुढे ठेवली. झोळ्यांचं काय, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, लेकरं काय, झोपतात.

आमच्या घरात पुरुषानं तान्हं लेकरू उचलायची पद्धत नव्हती. त्यामुळं मिरचीचे हात आणि लेकरू ह्यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडलीच नाही. कोरीटला आमच्या वहिन्या, चुलत्या शेतात मिरची तोडायला जात तेव्हा लेकरं घरच्या म्हाताऱ्यांजवळ ठेवून जात. इतकी साधी गोष्ट. ह्या बायांनी आपली म्हातारी बरोबर आणली होती. सगळा हंगाम एकीनं मिरचीला शिवायचं नाही, तिचे हात कोरे राहिले पाहिजेत. पाणी तिनं पाजायचं, लेकरं तिनं उचलायची, कुणाच्या डोळ्यात काही गेलं तर तिनं काढायचं. पोर भुकेली झाली की आईच्या चोळीची गाठसुद्धा तिनंच सोडायची आणि पोर छातीशी लावायची, कारण आईचे हात मिरचीचे. त्याबद्दल तिला सगळ्याजणी आपल्यातली भाकरी देत. मी मिरची मोडलेल्या हातानं माठ बाटवणार होतो, त्याच हातानं बुधीला थोपटणार होतो, म्हणून तिनं मला मारलं. हातातलं लाकूड नव्हे, धांडा. लागू नये असंच मारलं होतं.

दुपारी वारा सुटला. बुधी जागी झाली आणि भुकेनं रडायला लागली. सायकी धावली. झोळीशी जाऊन थबकली, दोन्ही हात अंगापासून लांब धरून. कोपरांनी झोळी हलवून बघितली. दातांनी चोळीची गाठ सोडायला गेली, ती सुटेना. पोर लालबुंद झाली. शेवटी तिनं कोपरांच्या बेचक्यात घेऊन लेकराला कसंबसं वर काढलं, आणि बुधीनं आईची बोटं मुठीत धरली, जशी कुठलंही लेकरू धरतं, आणि ती मूठ डोळ्यांवर चोळली.

तो आवाज मी इथं लिहू शकत नाही. सगळ्या बाया उठल्या. ठुमली सगळ्यांच्या पुढे धावली आणि दोन हातांच्या अंतरावर येऊन तिचे पाय थांबले. आपल्या तळव्यांकडे बघत उभी राहिली. माळावर तीस जणींचे हात होते आणि त्या लेकराचे डोळे उघडायला एकही उपयोगाचा नव्हता. मी पुढे झालो तर जोमानं मला खांद्यानं मागे सारलं. तेव्हा, त्या धक्क्यात, मला सगळं कळलं. धांडा, घागरीचा धक्का, पायानं सरकवलेली टोपली, सगळं. कळून करायचं काय? पोर घुसमटत होती आणि पुन्हा पुन्हा मुठी डोळ्यांवर नेत होती. ते रडणं ऐकून रुळांपलीकडच्या चाळीतून एका गँगमनची बायको धावत आली. तिनं बुधीला घेतलं, मुठी धरल्या, सायकीची चोळी सोडली आणि आईचं दूध पिळून पिळून डोळ्यांत सोडलं. किती वेळ गेला होता, मला सांगता येणार नाही.

छकड्यातून दवाखान्यात नेलं. औषध दिलं, डोळे बांधले. उजवा डोळा चार दिवसांत निवळला. डाव्यात मिरचीचं टरफल रुतून घासलं होतं, की नंतर पू झाला म्हणून, कोण जाणे. सूज उतरली तेव्हा बुबुळावर फूल पडलं होतं. ज्वारीच्या कणीएवढं, पांढरं. पोर हसायला लागली होती, पण त्या बाजूला खुळखुळा नुसता धरून भागायचं नाही, वाजवला तरच मान वळवायची.

बापूंना मी सांगितलं, की एका लेकराच्या डोळ्यात मिरची गेली. एवढंच. पथारीवर होतंच असं काही ना काही, ते हळहळले, छकडा हवा तितके दिवस ठेव म्हणाले. ठुमलीला निंबाखालून कुणी उठवलं ते त्यांनी विचारलं नाही, कारण ती तिथं का बसते हे त्यांनाही तोवर ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

मला जे सहन होत नाही ते हे, की त्या दिवशी मी चिडलेला असतो तर बरं झालं असतं. चिडलेला माणूस विचारतो तरी. मी जोमाला धरून, ओरडून विचारलं असतं, ह्या बाईनं मला का मारलं, काय समजते ती स्वतःला? जोमानं दोन वाक्यांत सांगितलं असतं, मी खजील होऊन हात धुवायला गेलो असतो, आणि बुधीला आज दोन डोळे असते. पण मी समजून घेतलं होतं ना. समजलेला माणूस कशाला विचारील? मी ठुमलीच्या जागी उभा राहिलो तेव्हा ठुमली पालात बसली होती, पन्नास पावलांवर. मी तिच्या जागी उभा राहून माझ्याच घरातला अनुभव, माझाच मान-अपमान, माझीच उपरेपणाची भीती उपसून बाहेर काढली आणि तिच्या नावावर खपवली. आणि आमचे हे सहकारी मास्तर! तीन दिवस गाडीवर असेल, झोप नसेल. त्यांना काय माहीत? कदाचित पोटभर जेवून, आडवा पडून निघाला असेल तो गाडीवान आणि जात्याच आडदांड असेल. कदाचित मागच्या चाकाचा आरा मोडायला आला असेल आणि मी चिरडू नये म्हणून त्यानं मला लोटलं असेल. दोघांनाही ठाऊक नाही. पण मास्तरांना मात्र एकदम भरून आलं, आणि भरून आलं की माणसाचं काम झालं.

गोष्ट इथं संपली असती तरी मी तो धडा शिकवला नसता. पण ती संपली नाही. डोळे बांधलेल्या बुधीला घेऊन सायकी निंबाखाली बसायला लागली होती, आणि मी रोज सकाळी धीर गोळा करून तिथवर जायचो आणि परतायचो. पाचव्या की सहाव्या दिवशी ठुमलीनंच मला हाक मारली. जोमा होता. मी मनाशी ठरवलं होतं, शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या, थुंकली तर पुसायचं नाही. ती बराच वेळ बोलली, माझ्याकडे बघत, थकलेल्या आवाजात. बोलणं झाल्यावर तिनं कोपरानं माझ्या दंडाला हलकंच ढोसलं. जोमा म्हणाला, "शेठ, ती म्हनस, तुमना दोस नही. तुमना बापूनी सांगेल व्हई. बापना पुढे पोऱ्यानं काय चालस?"

तिनंही विचार केला होता. पाच दिवस केला असेल. हा पोरगा हसत होता, वाईट दिसत नाही, मग असं का वागला? तिच्या पाड्यावर बापाचा शब्द म्हणजे शब्द. तिनं माझ्या जागी उभं राहून पाहिलं आणि तिला बापूंचा हुकूम दिसला. मी तोंड उघडलं. सांगायचं होतं, नाही, बापूंना ह्यातलं काही माहीत नाही, हे माझंच. जोमा वाट बघत होता, पावरीत सांगायला. मी म्हटलं, पाणी पुरतंय ना लेकरांना? जोमानं तेवढं सांगितलं.

त्यानंतर हंगाम संपेपर्यंत सगळ्या बाया माझ्याशी नीट वागल्या. टोपली पायानं सरकवायच्या, पण हसून. मात्र संध्याकाळी बापू आले की ओळीच्या ओळ पाठ फिरवायची. बापू लेकरासाठी गूळ आणायचे, तो तसाच निंबाच्या मुळाशी पडून राहायचा, मुंगळे लागेपर्यंत. एकदा बापू ओळीजवळून जात असताना एकीनं उठून टोपली झटकली, वाऱ्याच्या तोंडावर, आणि सगळा भुसा त्यांच्या अंगावर गेला. बापू खोकून खोकून वाकले. मी पाणी घेऊन धावलो. डोळे पुसत, धापा टाकत ते मला म्हणाले, की वारा अचानक फिरला बघ.

पुढच्या साली दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले तरी बाया आल्या नाहीत. दुसऱ्या पथाऱ्यांवर डोंगरातले तांडे उतरले होते, आमचा माळ तसाच. बापू म्हणाले, मी स्वतः जाऊन येतो. मी जातो म्हटलं नाही. ते तापी ओलांडून गेले, शहाद्यापर्यंत छकड्यात आणि पुढे पायी, साठीच्या घरातला माणूस. चौथ्या दिवशी दुपारी परत आले. पायांवर गुडघ्यांपर्यंत धूळ. ओसरीवर टेकले, पागोटं काढून बाजूला ठेवलं, पाण्याचा तांब्या एका दमात रिकामा केला. पाड्यावर त्यांना कुणी बसा म्हणालं नव्हतं. पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. जोमा घरात असून बाहेर आला नाही. एक लहान मुलगी अंगणात खेळत होती, डाव्या बाजूला मान कलती करून बघणारी. तिला बापू जवळ घ्यायला गेले तर आईनं उचलून आत नेली आणि दार लावलं.

बापू माझ्याकडे बघत होते. बोलताना त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, तेव्हाही चढला नाही. "त्या बाया मन्हावर रागे शेतस. वाटवर मी लई इचार करा, माले काही सापडनं नही. तुले काही माहीत शे का?"

माझी आई चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली होती. मी त्यांच्या पायांवरच्या धुळीकडे बघत म्हटलं, "नही, बापू."

ते बरं म्हणाले, आणि पाय धुवायला विहिरीकडे गेले.